वॉट विचारता, रेट विचारता, ल्युमेन कधी विचारणार?

"दीडशे वॉटचा हायबे (उंच छताला टांगायचा एलईडी दिवा) केवढ्याला?" मराठवाड्यात शेडच्या दिव्यांची खरेदी या एका प्रश्नावर सुरू होते आणि तिथंच संपते. शेड किती उंच, खाली काम काय, धूळ किती, पत्रा किती तापतो, कुणी विचारत नाही. दालमिलचा कलर सॉर्टर (रंगावरून डागी दाणे वेगळे काढणारं मशीन) घेताना दहा ठिकाणी ट्रायल बघणारे शेठ दिवा घेताना फक्त नगाचा रेट बघतात. डोकं फिरतं अक्षरशः.

अहो, वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो ते ल्युमेन सांगतात. ६० बाय १०० फुटांचं शेड म्हणजे साधारण ५६० चौरस मीटर. साध्या मशीनकामाला २०० लक्स धरा, लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. गुणाकार केला की १,१२,००० ल्युमेन, आणि तेही खाली कामाच्या जागेवर. भिंती-पत्रा उजेड गिळतात, त्याला ०.७ ने भागा. धूळ बसते, दिवा जुना होतो, पुन्हा ०.७ ने भागा. झाले २,२८,००० च्या पुढे. वॉटला १३० ल्युमेन देणारा खरा दीडशे वॉटचा दिवा १९,५०० देतो, म्हणजे १२ दिवे. पण २४ फूट उंचीच्या शेडमध्ये १२ लावले की एका बाजूनं २५ फुटांचं अंतर पडतं आणि मधे काळे पट्टे येतात. म्हणून १५ लावा: पाच-पाचच्या तीन ओळी, २० बाय २० फुटांवर, भिंतीपासून पहिला दिवा १० फुटांवर, दिव्याचा उजेड पसरायचा कोन ९० अंशांचा.

आता तो स्वस्तातला 'दीडशे वॉट' मीटरला लावून बघा. ११० वॉट भरतो आणि वॉटला ८० ल्युमेन देतो. म्हणजे ८,८०० ल्युमेन. असे १५ लावले तरी खाली ११५ लक्स. बॉक्सवर खोटा आकडा छापून विकणं ही सरळ लूट आहे!

आणि पत्रा. मे महिन्यात परभणी-जालन्याला बाहेर ४२-४३ अंश असतात, दुपारी पत्र्याखालची हवा पन्नाशी ओलांडते. दिव्याच्या लेबलवर टीए ४५ लिहिलेलं असतं, म्हणजे भोवतालची हवा ४५ अंशांपर्यंतच चालेल. ते कुणी वाचतं का? मेलेल्या दिव्याचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा आतला डबा, उघडा. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी ओघळ, शेजारचा बोर्ड करपलेला. एलईडी बहुतेक वेळा शाबूत असते, जातो तो ड्रायव्हर. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. तरी वायरमन दिवा थेट पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीला) चिकटवून बोल्ट मारतात! साखळीनं दोन-तीन फूट खाली सोडा ना. टीए ५० किंवा ५५ चा घ्या, ड्रायव्हर वेगळा बदलता येईल असा घ्या. एक दिवा बदलायला परांची बांधायची, खालचं मशीन बंद ठेवायचं, तो खर्च नगामागं वाचवलेल्या पैशांत कुणी धरतच नाही.

ड्रायव्हर-ऑन-बोर्डवाला, म्हणजे ड्रायव्हर एलईडीच्याच पाटीवर असलेला दिवा तर शेडमध्ये नकोच. जूनच्या तोंडाला विजा कडाडतात, कधी न्यूट्रल तुटून फेजवर चारशेच्या आसपास व्होल्ट येतात, आणि एका संध्याकाळी अख्खी ओळ जाते. विजांच्या क्षणिक झटक्यासाठी (सर्ज) १० केव्हीचं, म्हणजे दहा हजार व्होल्टचं सर्ज प्रोटेक्शन मागा, डीबीत (वीज वाटपाच्या पेटीत) वेगळं एसपीडी, म्हणजे झटका अडवणारं उपकरण बसवा. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला खरा कामाला लागणारा हिस्सा, ०.९ च्या वर हवा. एचटी (उच्च दाबाच्या) कनेक्शनचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे ओढलेल्या सगळ्या विजेवर येतं, ०.५ चा दिवा तिथं महिन्याला खिसा कापतो.

जिनिंगमध्ये आयपी २० चा उघडा दिवा लावणाऱ्यांना काय म्हणावं! आयपी म्हणजे धूळ-पाणी किती अडवतो त्याचा आकडा. सरकी-रुईची तूस फिनवर (दिव्याच्या उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांवर) नमद्यासारखी बसते, उष्णता बाहेर पडत नाही, वर आगीची भीती. तिथं आयपी ६५ च पाहिजे आणि हंगामात फिनवरची तूस झाडली पाहिजे. पण केबल ग्लँड (वायर आत जाते तिथली घट्ट बसणारी चकती) नीट आवळला नाही तर आयपी ६५ लाही अर्थ नाही. पहिल्या पावसात काचेत किडे भरलेच म्हणून समजा.

लातूरच्या दालमिलांत डाळ निवडायच्या टेबलावर निळसर ६५०० केल्विन आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ७०. पिवळी तूरडाळ त्यात मळकट दिसते, डागी दाणा ओळखू येत नाही, आणि मग निवडणाऱ्या बायांवर ओरडा! तिथं ५००० केल्विन, सीआरआय ८० च्या वर आणि ५०० लक्स द्या. लेथच्या शेडमध्ये फ्लिकर नसलेला ड्रायव्हर घ्या, ओळी तिन्ही फेजवर वाटा. लुकलुकत्या उजेडात फिरता चक (लेथचा काम पकडणारा भाग) थांबल्यासारखा दिसतो आणि कामगार हात घालतो.

कोटेशनवर ल्युमेन, टीए, सर्ज केव्ही, पॉवर फॅक्टर, सीआरआय लिहून घ्या आणि एलएम-७९ चा, म्हणजे दिव्याचे ल्युमेन-वॉट लॅबमध्ये मोजल्याचा रिपोर्ट मागा. दुकानदार "कशाला लागतं हो ते" म्हणाला की तिथून उठा.