‘एक वेडा गुरुजी पुरे’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

आधी शिक्षकांच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, आणि काल तर सासुरवाडीच्या ग्रुपवर पण तोच मेसेज, खाली हात जोडलेले आणि गुलाबाची फुलं. तुमच्याकडं पण आला असंल. थोडक्यात म्हणणं असं की शाळा बदलायला निधी नको, ट्रेनिंग नको, समित्या नकोत, एक ध्येयवेडा गुरुजी पुरे. कर्मवीर भाऊराव पाटील एकटेच होते. डिजिटल वर्ग केला की सहा महिन्यात शाळा पालटते. आणि बदल अडतो तो जुन्या शिक्षकांमुळं आणि अडाणी पालकांमुळं.

मी झेडपीत १९ वर्षं काढलीत, आधी जत तालुका, आता वाळवा. पहिल्यांदा सोडून दिला, तिसऱ्यांदा आल्यावर राहवलं नाय.

‘कर्मवीर एकटेच होते.’ अहो, भाऊराव अण्णांना मोठं म्हणायला त्यांना एकटं पाडायची काय गरज? १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला मुक्काम साताऱ्यात हलला, आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटात चार घास जावेत म्हणून अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रापर्यंत. पोरं स्वतः राबून शिकत होती, कमवा आणि शिका हे काय नुसतं भिंतीवरचं वाक्य नव्हतं. आणि मेसेजवाल्यानं हे तर बघायलाच पाहिजे होतं की अण्णांनी साताऱ्यात मास्तर घडवायचं ट्रेनिंग कॉलेज काढलं १९३५ ला, आणि महाराजा सयाजीराव हायस्कूल काढलं १९४० ला. म्हंजे मास्तर आधी, हायस्कूल मागनं. ज्याला ‘ट्रेनिंग नको’ म्हणायचंय त्यानं निदान अण्णांचं नाव तरी त्याला जोडू नये. अण्णा १९५९ ला गेले, रयतनं शंभरी ओलांडली, ती एकट्याच्या वेडावर चालली असती तर १९५९ लाच कुलूप लागलं असतं.

आता तो एक वेडा गुरुजी. तसा एक मी जवळनं बघितलाय, म्हंजे त्याच्या जागेवरच माझी बदली झाली. जतकडची दोन शिक्षकी वाडीवरची शाळा. सर खरंच भारी होते, खोटं कशाला बोलू. दर शनिवारी पोरांचा आठवडी बाजार, बचत बँक, भिंतीवर पोरांनी लिहिलेल्या बातम्या, पेपरात फोटो, बघायला लोक यायचे. मी जूनमधे हजर झालो तेव्हा सरांचं कपाट उघडलं, तर आत दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून नीट डबे भरलेले, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, पण रबरं उन्हानं विरघळून काड्यांना चिकटलेली, हात लावला की तुकडे पडायचे. सर आदल्या वर्षीच बदलून गेलेले, जागा रिकामीच होती. सोबतच्या बाईंना विचारलं, हे वापरायचं कसं? त्या म्हणाल्या, “सर, तेव्हा माझ्याकडं फक्त खिचडीचं रजिस्टर होतं.”

मला ते वाक्य अजून आठवतंय. नऊ वर्षं एका व्हरांड्यात दोघं, आणि त्या बाईंना कुणी त्या कपाटाची किल्ली दिली नव्हती. सरांचा दोष म्हणत नाय मी, त्यांना वेळच कुठं होता, आणि सगळा गाव ‘सर, सर’ करत असल्यावर कुणाच्याही डोक्यात येणार नाय. पण मग बदललं काय? शाळा का सर? माझं मत सरळ आहे, कुठल्याही उपक्रमशील शाळेचं कौतुक करायचं तर गुरुजींची बदली झाल्यावर दोन-तीन वर्षांनी जाऊन बघा, तोवर हार विकत घेऊ नका.

डिजिटल वर्गाचं मी लवकर आवरतो. आमच्या केंद्रात असा टीव्ही मी बघितलाय की ज्याच्यावर धूळ बसू नये म्हणून बाईंनी जुनी साडी टाकलीय, आणि बिल थकल्यामुळं लाईटच नाय. पेरू देशात सरकारनं पोरांना ८ लाखांच्या वर लॅपटॉप वाटले, २०१२ ला त्याचा अभ्यास झाला तर गणितात आणि भाषेत काय फरक सापडला नाय. यंत्र वाईट नसतंय हो, पण सोमवारी पहिल्या तासाला त्याचं करायचं काय ते कुणाशी तरी बसून ठरवावं लागतंय.

‘जुने शिक्षक आड येतात.’ इथं मी स्वतः आरोपी आहे, कारण मी पण असंच म्हणायचो. साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हंजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शाळांच्या गटाचं, तेव्हा लय नाव झालेलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे मॅडम आणि बीटातल्या ४० शाळांचे शिक्षक मिळून ज्ञानरचनावाद, म्हंजे पोरानं स्वतः हाताळून, करून शिकायचं, ते वर्गात आणत होते, राज्यभरातनं गाड्या भरून लोक बघायला जायचे, आम्ही पण पहाटे चारला ट्रॅक्स करून गेलो. पहिलीतली एक पोरगी जमिनीवर बसून मण्यांच्या माळेवर बेरीज करत होती, आम्ही दहा-बारा जण डोक्यावर उभे, तिनं मान वर करून बघितलं पण नाय. परत आलो आणि आठवड्यात काय केलं आम्ही? फरशी रंगवली! ऑइलपेंट, चौकटी, बाण, अंक, साहेबांना फोटो पाठवले, आणि पोरं पुन्हा ओळीत बसवली त्याच रंगावर. कुमठ्यातनं रंग आणला, चाळीस शाळांचे मास्तर एकमेकांत बसत होते ते तिथंच ठेवून आलो.

आमच्यातले एक जुने गुरुजी तेव्हाच म्हणाले होते, “ह्या खेपेला किती दिवस?” आम्ही हसलो, म्हातारा काम चुकवतोय म्हणून. पण त्या माणसानं शाळांना साहित्य पुरवायची १९८७ ची सरकारी खडू-फळा मोहीम बघितलेली, त्यानंतरच्या साहित्याच्या सगळ्या पेट्या बघितलेल्या, नवीन साहेब आला की नवीन नाव, संध्याकाळी पाचपर्यंत फोटो टाका, साहेब गेला की पेटी माळ्यावर. त्याचा प्रश्न बरोबरच होता, उत्तर आमच्याकडं नव्हतं म्हणून तो आडवा वाटला.

आणि पालक अडाणी? कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव ऐकलं असंल. २०२२ पासनं तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. ते गावानं ठरवलं, कुणा एका गुरुजीनं नव्हे. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण पालक असतात, त्यात निम्म्या बाया, आणि आम्ही त्यांना बोलावतो कशाला तर ठरावावर सही करायला. मग अडाणी कोण?

राहिले सहा महिने. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ ला सुरू झाली, मॅक्सिन बर्नसन बाईंनी वाचन-लेखनाचं काम तिथं वर्षानुवर्षं मुरवलं. सहा महिन्यात फारतर कंपाउंड रंगवून होतंय.

माझी बदली आता कधी पण लागंल. कपाटाला दोन किल्ल्या केल्यात, एक सोबतच्या बाईंकडं. गेल्या शनिवारी मी रजेवर होतो तरी पोरांचा बाजार भरला, हिशोब सातवीच्या पोरींनी वहीत लिहून व्हॉट्सअपवर पाठवला. त्यात तीन रुपये कमी आलेत. मेथीवाला आणि लिंबूवाला अजून एकमेकांकडं बोट दाखवतायत, सोमवारी बाई मिटवणार आहेत.