पैसे नाहीत म्हणून शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्तीसाठी आधी पैसे

"पोरगा हुशार आहे ना, मग काय, स्कॉलरशिपवर जाईल की!" यापुढे हे माझ्यासमोर कुणी बोललं तर मी त्याच्या हातात आमची फाईल देणार आहे. वाचू नका, नुसती उचलून दाखवा.

धाकट्या भावाला लंडनमधल्या एका विद्यापीठात मास्टर्सला ॲडमिशन मिळालंय. बाबा एसटीत कंडक्टर, आई घरी, मी पुण्यात नोकरीला. घरात लॅपटॉप एकच, तोही माझा. म्हणून हा सगळा कागदांचा संसार माझ्या गळ्यात. आणि आता इतकी डोक्यात गेलीय ना ही सगळी भानगड, की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात रीलवाल्यांपासून करते. "पाच फुली फंडेड स्कॉलरशिप, ज्या तुम्हाला कुणीच सांगणार नाही!" अरे बाबा, ब्रिटनची चेवनिंग आणि अमेरिकेची फुलब्राइट कुणी सांगणार नाही? जगजाहीर आहेत त्या. सांगत नाहीत ते पुढचं. चेवनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे २,८०० तास दाखवायचे. फुलब्राइट-नेहरूच्या मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा. नुकतीच डिग्री हातात पडलेल्या पोराला त्यांचा उपयोग शून्य. पण ही ओळ रीलमध्ये नसते. रीलमध्ये असतं "कमेंटमध्ये येस लिहा, लिंक पाठवतो". लिंकवर वेबिनार, आणि वेबिनारच्या शेवटी 'प्रोफाइल बिल्डिंग'चं पॅकेज, आज रात्री बारापर्यंतच सवलतीत. दर आठवड्याला तीच रात्र आणि तेच बारा.

मग आमच्या सोसायटीतले 'जर्मनीत शिक्षण फुकट' काका. प्रत्येक सोसायटीत एक असतात. हो काका, तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, मान्य. पण व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, टाकायचे असतात, तो आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा. बारा लाखांच्या आसपास रुपये झाले हे. त्याआधी आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत हे सांगणाऱ्या एपीएस सर्टिफिकेटचे अठरा हजार वेगळे. एवढं फुकट आम्हाला परवडत नाही.

खुद्द विद्यापीठांची तऱ्हा तर विचारूच नका. एके दिवशी मेल आला, "अभिनंदन, तुमची स्कॉलरशिपसाठी निवड झाली आहे." आईने देवापुढे साखर ठेवली, बाबांनी डेपोत सांगूनही टाकलं. मी मेल खालपर्यंत वाचला. दोन हजार पौंडांची फी माफी! एकूण फी चोवीस हजार. याला स्कॉलरशिप म्हणतात? दिवाळीच्या आधी साडीच्या दुकानात लागतो तो सेल आहे हा, आधी किंमत चढवायची आणि मग त्यातून थोडी उतरवून गिऱ्हाइकावर उपकार करायचे. त्यात ही 'शिष्यवृत्ती' नक्की करायला आधी आपण डिपॉझिट भरायचं. परत मिळणार नाही असलं डिपॉझिट, हेही खाली बारीक अक्षरात. आता डेपोत बाबांना रोज विचारतात, "काय मग, कधी जातंय पोरगं?"

लोन स्कॉलरशिप हा आणखी एक प्रकार. १८९२ पासून चालत आलेलं जे. एन. टाटा एंडोमेंट घ्या, के. सी. महिंद्रा ट्रस्ट घ्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हे कर्ज आहे, परत करायचं आहे, असं ते स्वतःच स्पष्ट सांगतात. के. आर. नारायणन टाटांच्याच पैशावर लंडनला शिकायला गेले आणि पुढे राष्ट्रपती झाले, तेव्हा कामही मोठंच आहे. राग येतो तो यादी फॉरवर्ड करताना त्यातलं 'लोन' अलगद गिळणाऱ्यांचा. मुलाखतीच्या तयारीला लागलेल्या पोराला शेवटी कळतं की हे फेडायचं आहे.

बरं, आता हिशोब ऐका. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, आणि तो निकाल चालतो दोनच वर्षं. एखादं वर्ष हुकलं, नोकरी करून पुढच्या खेपेला बघू म्हटलं, की तीच परीक्षा पुन्हा द्यायची पाळी. ब्रिटनच्या व्हिसासोबत आरोग्याचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तोही आधी भरायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे बँक बॅलन्स. लंडनला राहण्याच्या खर्चापोटी महिन्याला १,५२९ पौंड, असे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड खात्यात दाखवा, असा नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम. म्हणजे सोळा लाखांच्या आसपास. बरं, दाखवून काढून घेतले असंही नाही, सलग २८ दिवस ते खात्यात पडून पाहिजेत. भरायची राहिलेली फी वेगळी. एसटीतल्या कंडक्टरच्या खात्यात सोळा लाख २८ दिवस पडून राहणार असते, तर आम्ही शिष्यवृत्तीचा फॉर्म कशाला भरला असता? सरकारने किंवा शिष्यवृत्तीवाल्यांनी सगळा खर्च उचलल्याचं पत्र दिलं की ही अट सुटते. पण ते पत्र वेळेत हातात पडलं पाहिजे ना!

वेळेवरून आठवलं. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची अट. जूनमध्ये करारावर सही झाली आणि जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले होते. बोटीने! आमचा सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच जून-जुलैत नुसता 'छाननी प्रक्रियेत' असतो, आणि छाननी करणारं टेबल एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर. ती शिष्यवृत्तीही मुदत संपल्यावर थांबली आणि १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं, हे मला माहीत आहे. तेव्हा सगळं गोड होतं असं म्हणायचं नाही. पण एक सही व्हायला लागणारा वेळ शंभर वर्षांत वाढला कसा, एवढं मला कुणीतरी समजावून सांगा.

परदेशी विद्यापीठं डिपॉझिटची तारीख ठरवतात आणि पाळतात. आपल्याकडे उन्हाळ्यात जाहिरात, पावसाळ्यात यादी आणि तिकडे वर्ग सुरू होतात तेव्हा आदेश. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त वगैरे घरांतल्या पोरांसाठी असलेल्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचं उदाहरण तर पेपरात आलं होतं. अख्ख्या देशासाठी जागा १२५, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. जुलै २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली आणि पत्रं निघाली पहिल्या ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निरोप काय, तर निधी उपलब्ध झाल्यास. आता त्या पोरांनी तिकडच्या विद्यापीठाला काय कळवायचं? "सर, माझी निवड झालीय, फक्त पैसे झाले नाहीयेत"? त्याच योजनेत ब्रिटनसाठी राहण्याखाण्याचा भत्ता कित्येक वर्षं वर्षाला ९,९०० पौंड आहे. वर ब्रिटिश सरकारचा आकडा दिलाय बघा, नऊ महिन्यांचे १३,७६१. उरलेल्यात उपास करायचा का? आणि २०२२ मध्ये याच योजनेच्या नियमांत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास, समाज यांवरचे संशोधनाचे विषय वगळून टाकले. म्हणजे गावकुसाबाहेरच्या घरातून आलेल्या पोराने परदेशात जाऊन काहीही शिकावं, फक्त आपल्या घराबद्दल शिकू नये. वा रे वा.

कागदांचं तर काय सांगू. बाबांच्या दहावीच्या सनदेवर नाव ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर, आणि एसटीच्या पगारपत्रकावर ज्ञानबा. तिन्ही माणसं एकच, हे गेली तीस वर्षं अख्ख्या डेपोला माहीत आहे, पण टेबलामागच्या माणसाला नाही. आणा प्रतिज्ञापत्र. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभरचा स्टॅम्प पाचशेचा झाला, पण विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला तो लागत नाही असं सरकारच सांगतं. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, असेल तसा नियम, पण तुम्ही आणाच." आणला. मग उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातवैधता, आणि प्रत्येकाला सेतूवर "सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या".

सगळं जमवून पोर्टलवर चढवायला बसलो, तर फाईल २५० केबीच्या आत पाहिजे. पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका एका पीडीएफमध्ये, २५० केबीत! दाबून दाबून बसवल्या. पुढच्या आठवड्यात शेरा आला, "कागदपत्र अस्पष्ट, पुन्हा अपलोड करावे." अहो, तुम्हीच म्हणालात ना दाबा! शेवटी सायबर कॅफेवाल्या पोराने ब्लॅक अँड व्हाइट करून, कडा कापून, काहीतरी जादू करून ते बसवलं. त्याने घेतले पन्नास रुपये, आणि या सगळ्या प्रवासात खर्ची पडलेले तेवढेच मला वसूल वाटले.

शिफारसपत्राची वेगळीच कथा. सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." हे आपल्याकडे चालतंच, त्यात नवीन काही नाही. भावाने स्वतःबद्दल लाजत लाजत लिहिलं, "विद्यार्थी बरा आहे." मी फाडून नवीन लिहिलं. सरांनी न वाचता सही केली. पण लंडनचं विद्यापीठ म्हणतं, पत्र सरांच्या अधिकृत कॉलेज ई-मेलवरून आलं पाहिजे, जीमेल चालणार नाही. सरांकडे जीमेलच आहे! कॉलेजने कुणालाच मेल आयडी दिलेला नाही, कॉलेजची स्वतःची वेबसाइट उघडली तर प्राचार्यांचा फोटो तेवढा दिसतो, तोही आधीच्या प्राचार्यांचा. सर बिचारे भले, म्हणाले, "मी कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून देतो की माझा हाच मेल आहे." आता ते लेटरहेड कुठून पाठवणार? जीमेलवरून.

आणि हे सगळं पार करून, समजा, यादीत नाव लागलं, तर शेवटचं घोडं अडतं जामीनदारापाशी. आमच्याकडे दोन जामीनदार मागितलेत. ऐपतदार, मालमत्तेचा पुरावा देणारे. पोरगा परत आला नाही किंवा शिक्षण अर्धवट सोडलं तर पैसे भरू, असं लिहून देणारे. आठ लाखांच्या आतलं उत्पन्न दाखवा आणि लाखोंची हमी घेणारी दोन माणसंही आणा! ज्याच्या ओळखीत अशी दोन माणसं बसल्या जागी आहेत, तो गरीब कसला? बाबांचे दोस्त सगळे ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांच्या पगारातून आधीच पतसंस्थेचं कर्ज कापलं जातं. एकाने तरी लगेच हो म्हटलं, पगारपत्रकाची झेरॉक्स घेऊन घरी आला. ती चालणार का, हे विचारायला फोन केला तर "साहेब मीटिंगला गेलेत."

दुसरे जामीनदार म्हणून मामांना विचारलंय. गावाकडे सातबारा आहे, पक्कं घर आहे, लग्नकार्यात पुढे असतात, आणि "पोरगा हुशार आहे, स्कॉलरशिपवर जाईल की" हे पहिल्यांदा म्हणाले ते तेच. आठ दिवसांपूर्वी म्हणाले, "घरात विचारून सांगतो." डिपॉझिटची तारीख तोंडावर आलीय, आणि मामांचं अजून घरात विचारणं चाललंय. काल फोन केला तर मामींनी उचलला आणि म्हणाल्या, "ते शेतात गेलेत, मोबाईल घरीच राहिलाय." रात्री साडेनऊला.