मुहूर्तात 26 मिनिटं मिसळणाऱ्यांनो

‘जगाची शून्य रेषा उज्जैनची. ती सोलापुरातून जाते. 1884 मध्ये इंग्रजांनी ती चोरून ग्रिनिचला नेली. पंचांगातल्या वेळा अजून उज्जैनच्याच आहेत, म्हणून सोलापूरकरांनी प्रत्येक मुहूर्तात 26 मिनिटं मिळवावीत.’ हा मेसेज गल्लीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिला होता. पण आत्याने पत्रिकेच्या प्रुफावर अक्षतांची 12.35 ही वेळ खोडून 1.01 केली, तेव्हा डोकं सणकलं.

अहो, रेषा सोलापुरातून जाते म्हणता ना? मग उज्जैनची आणि आपली वेळ एकच झाली. मिळवायचं काय, कपाळ? एकाच मेसेजातली दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात, तरी पुढे ढकलणारे ढकलतातच.

26 चा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, सोलापूर 75.9 च्या आसपास. अंशाला 4 मिनिटं धरा. म्हणून तर आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला सरासरी 12.26 होतात. पण आज पंचांगात छापतात त्या वेळा प्रमाणवेळेतच असतात. दाते पंचांग आपल्या सोलापुरातूनच निघतं, निदान ते तरी उघडून बघा. त्यात पुन्हा 26 मिनिटं घातली तर लग्नरास, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणारी रास, साडेसहा अंशांनी सरकते. मुहूर्त काठावरचा असेल तर रासच बदलते. म्हणजे मुहूर्त मानणाऱ्याचाच मुहूर्त चुकवायचा, तोही धर्माच्या नावाने!

आता रेषा. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त ती स्वच्छ सांगितली आहे: लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांवरून मेरूला, म्हणजे उत्तर ध्रुवाला जाणारी ती भूमीची मध्यरेषा. यातली लंका विषुववृत्तावरचा गणिताचा बिंदू आहे, आजची श्रीलंका नव्हे. कुरुक्षेत्रही प्रत्यक्षात उज्जैनच्या पूर्वेला अंशभर सरकलेलं. गाव या रेषेपासून जितकं पूर्वेला-पश्चिमेला, तितकी वेळेची दुरुस्ती ज्योतिषी करत; तिला देशांतर संस्कार म्हणत. सोलापूरला तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, कारण रेषा शहराच्या पश्चिमेला 14-15 किलोमीटरवरून जाते. जवळून जाते, एवढं कबूल.

‘जगाची’ म्हणाल तर ग्रीक भूगोलतज्ज्ञ टॉलेमी दुसऱ्या शतकात पश्चिमेकडच्या कॅनरी बेटांपासून रेखांश मोजत होता. हां, उज्जैनची रेषा ‘अरीन’ या नावाने अरबी आणि पुढे लॅटिन ग्रंथांत पोचली, हे खरं.

चोरीचं तर सोडाच. 1884 मध्ये शून्य रेषा ठरली ती वॉशिंग्टनच्या परिषदेत, आणि तिथे 25 देश होते. ग्रिनिचच्या बाजूने 22, विरोधात एक सान डोमिंगो (आजचं डोमिनिकन रिपब्लिक), तर फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. बहुतेक जहाजांचे नकाशे आधीच ग्रिनिचवर बेतलेले होते. उज्जैनचा प्रस्ताव कुणी मांडलाच नव्हता.

आणि उज्जैनचं आज काय उरलंय ते या मेसेजवाल्यांना ठाऊकच नाही. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीने राष्ट्रीय पंचांगासाठी जे मध्यवर्ती ठिकाण धरलं, त्याचा रेखांश 82.5 आहे, पण अक्षांश 23 अंश 11 कला, म्हणजे उज्जैनचाच.