बर्गनला अर्धा दिवस पुरत नाही, ताई

ताई, नमस्कार. तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबतंय. तुमच्या तक्रारी अशा: नॉर्वेतल्या बर्गन शहरावरच्या माझ्या लेखात पाऊसच फार, शाकाहारी माणसाने काय खायचं याचा पत्ता नाही, फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) सोडले तर गावाला अर्धा दिवस पुरे, आणि "नॉर्वेपर्यंत पैसे खर्चून जायचं ते महारोग्यांचं इस्पितळ बघायला? तेही मुलांना घेऊन?"

खाण्याचं आधी, कारण तिथे चूक माझी आहे. मी मासे खाणारी, त्यामुळे फिश सूप आणि सुकवलेल्या कॉडवरच घसरले. तुमच्यासाठी सांगते: बेकरीत 'स्किलिंग्सबोले' मागा. दालचिनी-साखरेची गुंडाळी असते, तळहाताएवढी. अंडं चालत नसेल तर विचारून घ्या. आणि 'ब्रुनोस्ट', म्हणजे तपकिरी चीज, नक्की खा. चीज करताना निघणारी निवळी दूध-साय घालून तासन्‌तास आटवतात. चव थोडी खव्याची, थोडी कॅरॅमलची. किसणीने पातळ पापुद्रा काढून पावावर ठेवायचा. थालीपीठ-मेतकूट सोबत न्याच, बाहेर जेवण फार महाग पडतं. नळाचं पाणी मात्र बिनधास्त प्या.

पावसाबद्दल मी मागे हटणार नाही. मुंबईत साधारण जेवढा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, जवळपास तेवढाच बर्गनमध्ये वर्षभर झिरपत राहतो, दोनशेहून जास्त दिवस. हे आधी माहीत नसेल तर माणूस हॉटेलच्या खिडकीत बसून सुट्टी घालवतो. छत्री वाऱ्याने उलटते. चांगला रेनकोट घ्या आणि बाहेर पडा.

आता इस्पितळ. माझं लहानपण वरोऱ्याजवळ गेलं. आमच्या घरातल्या सतरंज्या आनंदवनातल्या होत्या. त्यावर बसायला कचरणारे पाहुणे मी पाहिलेत. आई काही बोलायची नाही, स्वतः त्याच सतरंजीवर मांडी घालून बसायची. म्हणून स्टेशनजवळचं सेंट यॉर्गन्स इस्पितळ, म्हणजे आताचं कुष्ठरोग संग्रहालय, मला चुकवता येणं शक्यच नव्हतं. पंधराव्या शतकापासून तिथे कुष्ठरुग्णांना ठेवत. आजची लाकडी इमारत १७०२च्या मोठ्या आगीनंतरची. आत दुमजली लांब दालन, वर लाकडी सज्जा, आणि दोन्ही बाजूंना बुटक्या दारांच्या खोल्या. एका खोलीत दोन माणसं. मी एका खोलीच्या दारात उभी राहिले, तर दोन्ही हात पसरले की भिंतींना टेकतील असं वाटलं. शेवटच्या दोन रुग्ण बायका १९४६ साली वारल्या. पन्नासहून जास्त वर्षं त्या तिथेच राहत होत्या.

याच शहरात १८७३ मध्ये गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन यांना सूक्ष्मदर्शकाखाली कुष्ठरोगाचा जंतू दिसला. तोवर मोठमोठे डॉक्टरही हा रोग वंशातून येतो असं मानत. त्यांतले एक हॅन्सनचे सासरे डानिएल्सन. रोग जंतूमुळे होतो म्हटल्यावर पूर्वजन्मीचं पाप, घराण्याचा शाप या सगळ्याखालची जमीनच सरकली. हॅन्सनना मी देव्हाऱ्यात बसवत नाही. एका रुग्ण बाईच्या डोळ्यात त्यांनी तिला न विचारता दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला, खटला झाला आणि १८८०मध्ये इस्पितळातलं पद गेलं. रुग्णाची परवानगी हा प्रश्न तेव्हाच्या एका न्यायालयाने इतका गंभीरपणे घेतला, हेही मुलांना सांगण्यासारखंच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं. लहान असतील तर त्यांना फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने, फ्लॉयेन डोंगरावर न्या. काही मिनिटांत ३२० मीटर वर, आणि खाली पायवाटेने लाकडी घरांच्या गल्ल्यांतून उतरा.

अर्ध्या दिवसाचं म्हणाल, तर तेवढा एकट्या ब्रिगेनला लागतो. बंदरावरची ती रंगीत लाकडी घरं फोटोपुरती नाहीत. दोन घरांमधल्या फळ्यांच्या बोळात शिरा, डांबराचा नि ओल्या लाकडाचा वास येतो. हान्सा नावाच्या व्यापारी संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे शतकानुशतकं उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवरच्या सुक्या कॉडचा व्यापार केला. त्या कॉडला मीठ लागत नाही, थंड वारंच त्याला लाकडासारखं कडक करतं. आगीच्या भीतीने घरांत शेकोटीला बंदी होती. ऊब आणि गरम जेवण मागच्या वेगळ्या सभागृहांत. १९५५ च्या आगीनंतर उत्खनन झालं, तेव्हा रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत कोरलेल्या शेकडो काठ्या आणि तुकडे मिळाले. त्यातल्या एकीवर एवढंच आहे: "ग्युदा म्हणते, घरी ये." कुठल्यातरी गुत्त्यात रेंगाळलेल्या माणसाला धाडलेला निरोप असावा, असा अभ्यासकांचा तर्क. मध्ययुगातल्या एका बाईचा आवाज लाकडाच्या ढलपीवरून असा थेट कानावर आला, आणि मी तिथून हललेच नाही बराच वेळ.

फ्योर्ड राहिले, ते कबूल. बर्गनहून रेल्वेने मिर्डाल, तिथून फ्लोमला उतरणारी गाडी आणि पुढे बोट, याला अख्खा दिवस ठेवा. म्हणजे एकूण तीन दिवस झाले. जूनमध्ये जाताय तर इस्पितळाच्या वेळा आधी बघून घ्या. ते मुख्यतः उन्हाळ्यातच उघडं असतं. शाकाहाराचा भाग मी मूळ लेखात या आठवड्यात घालते.