वाऱ्यावर एवढं का लिहिलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार बाब,

ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावर कयाक आणि गळ दोन्ही घेऊन गेलं तर तंबू कुठं ठोकावा, ह्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया खाली खूप जणांनी उचलून धरली आहे. म्हणून दोन ओळींत आटपत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वाऱ्यावर मी पानंच्या पानं लिहिली आणि माशांवर चार ओळी. मासे खडपाच्या टोकावर असतात हे शेंबडं पोरही सांगेल, तरी मी तंबू आतल्या कंटाळवाण्या वळणात ठोकायला सांगतो, तोही पाण्यापासून एवढ्या लांब की सामान वाहून कंबर मोडावी. गोव्यात केरीला आणि गालजीबागला तुम्ही पाण्यापासून दहा पावलांवर झोपता आणि आजवर काही झालेलं नाही. आणि शेवटचा टोमणा: नेमकी जागा मी सांगत नाही, म्हणजे मी ती लपवतो.

शेवटचं खरं आहे. लपवतो. त्यावर खाली बोलू.

आधी वारा. तुम्ही पेडण्याचे, मी बार्देसचा. दर्या म्हटला की आपलं तोंड आपसूक पश्चिमेला वळतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे मतलई वारा येतो तो मंद, माडांतून गाळून आलेला. दुपारी खारा वारा सुटला की पाणी खवळतं, वल्हवताना शिव्या येतात, पण तो वारा तुम्हाला घराकडेच ढकलतो. हात थकले तरी कयाक कुठं ना कुठं पुळणीला लागते. लहानपणापासून अंगात मुरलेला हा हिशेब आपण तिकडे घेऊन जातो, आणि तिथं तो चालत नाही.

ओमानचा तो किनारा पूर्वेला तोंड करून आहे. पाठीमागे माड नाहीत. कुरियातपासून सूरपर्यंत हजर पर्वत जवळजवळ समुद्राला टेकलेला आहे, आणि रात्री गार झालेली हवा दऱ्यांतून थेट पाण्यावर उतरते. त्याखाली अल अश्खरापासून पुढं दक्षिणेला डोंगर संपतात आणि सपाट वाळवंट सुरू होतं. तिथं हिवाळ्यात वायव्येचा शमाल सुटला की तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, कधी दोन-तीन दिवस सलग. जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्याचा धोका असा की तो दिसत नाही. लाट उठायला वाऱ्याला पाण्यावर अंतर कापावं लागतं. किनाऱ्यालगत ते अंतरच नसतं, म्हणून तिथं पाणी गुळगुळीत. तुम्ही उतरता, वारा पाठीवर, वल्हं हलकं, अर्ध्या तासात दोन-तीन किलोमीटर बाहेर. परतायला तोंड वळवलं की कळतं आपण कुठं आलो आहोत. साधा माणूस साधी कयाक तासाला पाच किलोमीटरच्या आसपास चालवतो. पंधरा नॉटचा, म्हणजे तासाला अठ्ठावीसेक किलोमीटरचा, वारा तोंडावर आला की त्याच्या निम्मा वेगही राखणं कठीण, आणि जसजसा बाहेर जाल तसतशा लाटा मोठ्या. समोर थेट अरबी समुद्र, आणि पलीकडे आपलंच गाव, पण ते वल्हवून गाठायच्या अंतरावर नाही.

आमच्या कंपूतला एक मडगावचा गडी, साल नदीच्या खाडीत वाढलेला, वल्ह्यात माझ्यापेक्षा दुप्पट जोर, असाच एका सकाळी बाहेर गेला. त्याला दोरीने ओढून आणणारी फायबरची होडी तिथल्या कोळ्यांची होती. होडी त्या दिवशी किनाऱ्यावर नसती तर काय, ह्यावर आम्ही परतीच्या वाटेत कुणी काही बोललो नाही.

म्हणून मी जागा निवडतो ती परतण्यासाठी. बाहेर कुठूनही पडता येतं. संध्याकाळी चार वाजता, हात गळालेले असताना आणि वारा कुठूनही आला तरी, जिथं कयाक लागेल ती जागा चांगली. मासा त्यानंतर.

आता टोकाचं. मासे टोकावर असतात हे मान्यच आहे. पाणी टोकाला वळसा घालून धावतं, बारकी मासळी त्या ओढीत गोंधळते आणि मोठी तिथं टपून बसते. पण जे पाणी गळाला हवं तेच कयाकला नको. किनाऱ्यालगत खोल पाणी पाहिजे असेल तर किनारा उताराचा, गोट्यांचा लागतो. तिवी आणि फिन्सच्या बाजूला असे पांढऱ्या खड्यांचे किनारे आहेत, फोटोत स्वर्ग. गळ टाकला की पहिल्या फेकीत खोली मिळते. पण अशा उतारावर लाट फुटत फुटत येत नाही, एकदम शेवटच्या हातभरात कोसळते. रिकामी कयाक ढकलताना मौज वाटते. भरलेली कयाक घेऊन, रॉड बांधलेले असताना त्या लाटेत उतरून बघा. उलट सपाट, मऊ वाळूच्या किनाऱ्यावर कयाक सुखात लागते आणि गळवाला कंबरभर पाण्यात चालत चालत मासे शोधत बसतो. दोन्ही एकाच जागी मागणारा माणूस दोन्हीकडून मार खातो.

ह्यावर माझा उपाय साधा आहे आणि तो लेखात होता, तुम्ही वाऱ्याला कंटाळून तिथवर पोचला नसाल. खडपाचं टोक शोधायचं आणि त्याच्या आडोशाला, आतल्या वळणात झोपायचं. कयाक वळणातून सोडायची, गरवायला, म्हणजे गळ टाकायला, टोकावर चालत जायचं. पहाटे एकदा, दिवस मावळताना एकदा. पाच-दहा मिनिटांची चाल. वळण कंटाळवाणं आहे म्हणता. झोपायला आणि होडी लावायला कंटाळवाणीच जागा लागते.

असं वळण ओळखायचं कसं? नकाशावर बघू नका, तिथल्या होड्या बघा. त्या किनाऱ्यावर कोळी अजूनही होड्या वाळूवर ओढून ठेवतात, आणि कुठल्या महिन्यात कुठल्या वळणात ओढायच्या हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. होड्या ज्या वळणात आहेत त्याच्या शेजारचं वळण घ्या. त्यांचं नको. होडीची वाट, जाळी वाळवायची जागा, ट्रक उभा करायची जागा त्यांची. आपल्याकडे रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायच्या, जागेवर कुणी पाहुणा तंबू ठोकून बसला तर तुम्ही काय म्हणाल? दुसरी खूण झुडपांची. एकाच बाजूला कलून वाढलेलं झुडूप म्हणजे वर्षभराच्या वाऱ्याची नोंद.

तंबू लांब का? भरती आपल्यापेक्षा फार मोठी नाही तिथं, पण उधाणाच्या दिवसांत ती कुठवर चढते हे अनोळखी किनाऱ्यावर सांगता येत नाही. सुकलेल्या शेवाळाच्या, काटक्यांच्या दोन-तीन रेघा वाळूवर असतात. सगळ्यांत वरची, जुनाट, वाळूत अर्धी पुरलेली रेघ ती खरी. तिच्या वर झोपायचं. आणि नुसतं वर जाऊन भागत नाही, कारण मागून येणारं पाणी वेगळं. वाळवंटात पुराने माणसं मरतात हे ऐकून आपल्याला हसू येतं. आपण जूनपासून पुढचे चार महिने पाण्यातच असतो. पण वादी, म्हणजे कोरडी नदी, समुद्राला मिळते तिथं छान सपाट जागा असते, बारीक वाळू असते, वाऱ्याला काठांचा आडोसा असतो. तंबूला इतकी सोयीची जागा दुसरी नाही आणि इतकी वाईटही नाही. पाऊस मागे डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर चांदणं असतं, आणि पाणी भिंतीसारखं येतं. 2007 च्या जूनमध्ये गोनू वादळात मस्कत आणि कुरियातकडच्या वाद्यांनी रस्ते आणि घरं नेली. ते वादळ होतं, पण वादीला पूर यायला वादळ लागत नाही. हिवाळ्यातला एक जोरदार पाऊस पुरतो.

तिसरी जागा जिथं गाडी न्यायची नाही ती सबखा. मिठाची सपाट जमीन, वरून घट्ट पापुद्रा, खाली चिखल. मसिरा बेटासमोर बर्र अल हिक्मानला असे मैलोन्‌मैल पट्टे आहेत, ओहोटीला समुद्र इतका मागे सरकतो की दिसतच नाही. पक्षी बघणाऱ्यांसाठी ती पंढरी आहे. कयाकवाल्याने तिकडे फिरकू नये: सकाळी पाण्यावरून गेलात तर दुपारी चिखलावरून यावं लागेल.

केरी-गालजीबागबद्दल. काही झालं नाही कारण आपल्या किनाऱ्यावर चूक पचते. मागे वाट आहे, विहीर आहे, कुणाची तरी खाट आहे, हाक मारली तर कुत्रं तरी भुंकतं. तिकडे गाडीत घेतलेलं पाणी तेवढंच पाणी. माणशी रोज पाच लिटरखाली मी जात नाही, आणि सरपण मिळत नाही म्हणून कोळसा सोबत. रात्री दव इतकं पडतं की तंबू पिळून काढावा, पण ते पिता येत नाही. आणि एक आगाऊपणा करतो: गालजीबागला पाण्यापासून दहा पावलांवर झोपणं बंद करा. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ही आपली कासवांची ठिकाणं. ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात तिथंच वर चढते, नेमकी तुमच्या कंदिलासमोरून. शिवाय गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर चूल मांडायला 2019 पासून दंड आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

ह्याच कारणाने मी जागा लपवतो. ओमानात रास अल जिन्झला कासवांसाठी 1996 पासून राखीव क्षेत्र आहे, तिथं रात्री मनाला येईल तसं हिंडता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण हिरवी कासवं राखीव क्षेत्राची हद्द वाचून वर येत नाहीत. आजूबाजूच्या लहान वळणांतही येतात. माझं वळण त्यांतलं एक. वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी रांग पाण्यातून वर गेलेली दिसली की आम्ही सामान उचलतो आणि पुढच्या वळणात जातो. अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकून नकाशावर टिंब दिलं तर पुढच्या शुक्रवार-शनिवारी, म्हणजे तिकडच्या सुट्टीला, तिथं दहा गाड्या आणि दहा फ्लडलाइट असतील. त्यामुळे टिंब देणार नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्याला नावानिशी हवंच असेल तर मस्कतजवळचं बंदर खैरान घ्या: खडकांत शिरलेल्या खाड्या, तिवरं, चारी बाजूंनी आडोसा. किंवा उत्तरेला मुसंदममध्ये खोर नजद, जिथं गाडी उतरणीच्या रस्त्याने थेट पाण्यापर्यंत जाते. दोन्ही ठिकाणी गर्दी असते आणि कचराही, पण वारा शिकायला बरी. जाता-येता कुरियातला थांबा. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1507 मध्ये ते जाळलं, मग मस्कत घेतलं, आणि तीन वर्षांनी आपल्याकडे गोव्यात आला. आपली आणि त्यांची दुखणी जुनी ओळखीची आहेत.

महिने: ऑक्टोबरच्या शेवटापासून मार्चपर्यंत. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राच्या बाजूला जायचंच नाही. आपल्याकडे पाऊस घेऊन येतो तोच नैऋत्य वारा तिकडे किनाऱ्याला समांतर घासत जातो, खालचं गार पाणी वर काढतो. दक्षिणेला धोफारकडे भर उन्हाळ्यात पाण्यात पाय घातला तर हुडहुडी भरते. मासळीला ते पाणी मानवतं, कयाकला मुळीच नाही.

राहता राहिले मासे, ज्यांच्यावर मी चारच ओळी लिहिल्या. घ्या. टोकावरून पहाटे पॉपर (पाण्यावर उड्या मारणारं खोटं आमिष) किंवा चमकता धातूचा मासा फेकला तर ट्रेव्हली आणि क्वीनफिश. ट्रेव्हली मोठी असेल तर खडपावर दोर घासून तोडते, म्हणून दोराच्या पुढच्या टोकाला जाड लीडर (दोराचा मजबूत तुकडा) बांधा. मावळतीला तळाला आमिष सोडलं तर शेरी, जी तिकडच्या बाजारात कायम असते, आणि हामूर, म्हणजे आपला गोब्रा. आमिषाला माणकी (स्क्विड), तीही तिथल्याच बाजारातून ताजी. शिंगाळा लागला तर काटा हाताने काढायला जाऊ नका, हे पेडणेकराला सांगायला नको. वाळूवर पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, पाकटं असतात. कोल्हे रात्री येतात, मासळीची पेटी गाडीत. गरवायला परवाना लागतो, तो निघण्यापूर्वी काढा. आणि इसवण, म्हणजे सुरमई, ज्यासाठी तुम्ही जाणार हे मला दिसतंय: तिकडे तिला कनद म्हणतात, आणि 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर ती पकडायला दरवर्षी बंदी असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीची तिकिटं काढली असतील तर पंधरवडाभर पुढं ढकला.