२००५, २००६ आणि देवळालीचे मास्तर

वर्षातून एकदा तरी आमच्या महाविद्यालयात प्रेरणादायी व्याख्यान ठेवले जाते. वक्ते चांगले बोलतात, मुलेही टाळ्या वाजवतात. माझा आक्षेप वक्त्यांवर नाही. आधी आयुष्याचे ध्येय सापडावे आणि मग माणसाने कामाला लागावे, असा जो क्रम त्या व्याख्यानांत गृहीत धरलेला असतो, तो गणित शिकवण्याच्या अनुभवावरून मला नेमका उलटा वाटतो.

नाशिककरांना यासाठी लांब जायला नको. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नाही, संशोधनासाठी कोणाचे अनुदान नाही. शाळा सांभाळून ते संख्यांशी खेळत राहिले आणि १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण ६१७४ वर पोहोचतो आणि तिथेच थांबतो. मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात त्यांच्याविषयी लिहिले ते १९७५ मध्ये, म्हणजे निवृत्तीला तेरा वर्षे झाल्यावर. तोवर मास्तरांना कोणी प्रेरणा दिली असेल, तर ती आकड्यांनीच.

हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना आपापले जन्मवर्ष घ्यायला लावतो. २००६ मध्ये जन्मलेल्यांचे काम एका पायरीत होते: ६२०० वजा ००२६, की आले ६१७४. शेजारच्या बाकावरचा २००५ चा मुलगा मात्र ५१७५, ५९९४, ५३५५ असे करत पूर्ण सात पायऱ्या चढतो. 'सर, असं का?' हा प्रश्न त्या वेळी जसा येतो, तसा तो अभ्यासक्रमातील कोणत्याही प्रमेयानंतर माझ्या वर्गात आलेला नाही. (प्रमेये वाईट आहेत असे नाही, ती परीक्षेच्या सावलीत शिकवली जातात, एवढेच.) मला या व्यवसायात जे काही मिळाले आहे, ते या प्रश्नातून मिळाले आहे. तो येईल याची खात्री नसते, म्हणून तोच धडा दरवर्षी नव्याने तयार करावा लागतो.

मुलांच्या प्रेरणेविषयी आपण जे सहज बोलतो, तेही मला खटकते. पेठ किंवा सुरगाण्याहून एसटीने येणारी मुलगी पहिल्या तासाला उशिरा पोहोचते. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की तिथल्या मुलांची हजेरी घसरते. काही जण सातपूरच्या कारखान्यात रात्रीची शिफ्ट करून थेट वर्गात येतात आणि शेवटच्या बाकावर डुलक्या घेतात. या मुलांना 'ध्येय नाही' असे शिक्षकांच्या खोलीत बोलले जाते तेव्हा मला राग येतो. घरच्या बागेत छाटणीला उभ्या राहणाऱ्या मुलाला कष्ट आणि चिकाटी यांविषयी मी काय शिकवणार? त्याला हवा असतो बुडालेला तास भरून देणारा शिक्षक, आणि तो नेमका हजेरीच्या टक्केवारीच्या व महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेच्या फायलींत अडकलेला असतो. त्या फायली मीही भरतो. त्यांतून कोणाला उमेद मिळाल्याचे अजून पाहिलेले नाही.

म्हणून यंदाच्या बैठकीत मी एक साधी सूचना मांडणार आहे. व्याख्यानाचे मानधन, शाल-श्रीफळ आणि मंडप यांवर होणाऱ्या खर्चातून वाचनालय संध्याकाळी आणखी दोन तास उघडे ठेवावे आणि आम्हा शिक्षकांपैकी एकाने तिथे आळीपाळीने बसावे. पहिली पाळी मी घ्यायला तयार आहे.