मुदतवाढीवर मुदतवाढ

आज सकाळी एका जुन्या सहकाऱ्याने कोळशावरच्या बहुसंख्य वीज केंद्रांना धुरातला विषारी वायू रोखणाऱ्या यंत्रणेतून सूट देणारी जुलै 2025 ची सरकारी अधिसूचना पुन्हा कौतुकाने शेअर केली आणि वर लिहिले, "अखेर एक व्यवहार्य निर्णय!" तेव्हापासून डोके तापले आहे.

कोळशावरच्या वीज केंद्रांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडवर, म्हणजे कोळशातले गंधक जळून होणाऱ्या वायूवर, मर्यादा घालणारे नियम डिसेंबर 2015 मध्ये आले आणि ते पाळायला दोन वर्षे दिली गेली. 2017 सरता सरता मुदत 2022 पर्यंत गेली. 2021 मध्ये केंद्रांचे गट पाडून ती पुढे ढकलली, 2022 मध्ये आणखी ढकलली, 2024 सरता सरता पुन्हा ढकलली, आणि शेवटी मोठ्या शहरांपासून व अतिप्रदूषित पट्ट्यांपासून दूर असलेल्या बहुसंख्य केंद्रांना, चिमणीची उंची पुरेशी असली की, हा वायू रोखणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. शहरापासून दूर म्हणजे कुठे, तर माझ्या मामीच्या अंगणात.

मामीचे गाव विदर्भात, एका औष्णिक केंद्राच्या राखडीच्या, म्हणजे कोळशाची राख साठवण्याच्या, तलावाला लागून आहे. उन्हाळ्यात कुरडया वाळत घातल्या की ती त्यांच्यावर जुने धोतर पसरते. केंद्राच्या विस्ताराच्या जनसुनावणीला तिने तेच धोतर न झटकता घडी करून नेले आणि साहेबांच्या टेबलावर उलगडले. करडा धुरळा त्यांच्या फायलींवर बसला. "नोंद घेतली आहे," एवढेच उत्तर मिळाले.

कायदे करण्यात आपण कधीच मागे नव्हतो. 1976 मध्ये पर्यावरणरक्षण राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आले, 1981 मध्ये हवेच्या प्रदूषणाचा कायदा झाला, भोपाळनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. राखेसाठी तर 1999 पासून स्वतंत्र अधिसूचना आहे, जवळच्या वीटभट्ट्यांनी ही राख वापरावी म्हणून; त्या अधिसूचनेतही 2003, 2009, 2016 असे बदल होत राहिले आणि पूर्ण वापराची तारीख पुढे जात राहिली. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख असते, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. त्या टेबलावरच्या राखेचे वय मोजायचे तर ते असे मोजावे लागते.

आपल्या कोळशात गंधक कमी आहे, यंत्रणा महाग आहे आणि तिचा खर्च अखेर आपल्याच बिलात येणार, हे मान्य. पण तोच वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण होऊन शेकडो किलोमीटर जातो. उंच चिमणी त्याला फक्त दुसऱ्याच्या गावी पोचवते.

थोडे शांतपणे लिहायला हवे. माझा मामेभाऊ त्याच केंद्रात कंत्राटी कामगार आहे, घर त्याच पगारावर चालते, आणि केंद्र बंद करा असे मामी त्या सुनावणीतही म्हणाली नव्हती. तिने विचारले होते ते इतकेच, की राखडीवर पाणी कधी मारणार. दहावी शिकलेल्या बाईला पडलेला हा प्रश्न त्या मांडवातल्या एकाही तज्ज्ञाला पडू नये?

आणि ज्या केंद्रांनी नियम मानून खर्च केला, यंत्रणा उभारली, त्यांना आता काय सांगायचे? थांबला असता तर सुटला असता, हेच ना? मोठ्या शहरांजवळच्या केंद्रांसाठी 2027 अखेरची मुदत अजून शिल्लक आहे. तीही वाढली, तर हीच पोस्ट तारखा बदलून पुन्हा टाकीन. सहकाऱ्याने तेव्हाही खुशाल टाळ्या वाजवाव्यात.